सहावी ते आठवीचे वर्ग गावात राखणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपल्या निरोपाच्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून मला बोलायचे होते, पण गळा दाटून आल्यामुळे बोलता आले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ती गाळप संपल्यावरच परततात. सहावी-सातवीतली मुलगी सोबत न्यावी लागते, कारण आई-वडील फडात असताना कोपीवर (तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर) धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी हवे असते. हजेरीपटावर तिचे नाव राहते, वर्गात मात्र ती नसते, आणि पुढच्या वर्षी तिला भागाकार येत नाही म्हणून आपणच जिल्हा परिषदेच्या शाळेचा दर्जा घसरला असे म्हणतो. मीही तसे म्हणत असे. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या) शासन निर्णयानंतर या वर्गांचा पट २० च्या खाली गेला तर शिक्षकच राहणार नाहीत, ही धास्ती गावाला लागली.

त्या वर्षी दिवाळीआधी आपण शाळा सुटल्यावर वही घेऊन दारोदार गेलात. कोण जाणार, घरी आजी आहे का, ती मुलाला रात्री ठेवून घेईल का, हे सारे आपण टिपून घेतलेत आणि हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात राहणाऱ्या मुलांच्या सोयीचा, प्रस्ताव आमच्याकडून वेळेत पाठवून घेतलात. दोन वेळचे जेवण शाळेत मिळेल एवढ्या भरवशावर माझ्या भावाने आपली मुलगी आमच्या आईजवळ ठेवली. जी मुले तरीही गेली, त्यांना शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून तिकडच्या शाळेत बसता येते) देऊन पाठवलेत आणि ती परतल्यावर मे महिन्यातील सकाळी त्यांचा वेगळा वर्ग घेतलात.

याहून मला मोलाचे वाटते ते असे की, सातवीतल्या किती मुलांना भागाकार येत नाही हे समितीच्या बैठकीत आपण स्वतःहून सांगितलेत. पट टिकवण्यासाठी शाळेची बाजू सजवून मांडणे सोपे होते. आपण ते केले नाही, म्हणूनच पालकांनी विश्वास ठेवला.

माझ्या पुतणीला आठवीत एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतील, त्यामुळे तिच्या लग्नाचा विषय घरात आता कोणी काढत नाही. हे मी भावाच्या संमतीने लिहितो आहे.

आपली वही नव्या मुख्याध्यापकांनी माझ्या स्वाधीन केली आहे. त्यातली पाच घरे यंदाही जाणार आहेत. त्यांपैकी दोन घरांतल्या आज्यांशी माझे बोलणे झाले आहे.

आपला कृतज्ञ,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती