आमची एमजी पुन्हा चालती करणाऱ्या मिस्त्रीमामांना

आदरणीय मिस्त्रीमामा,
सा. न. वि. वि.

गाडी पुण्याला सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. गाडी म्हणजे एमजीबी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात, बंद टपाच्या धरून, पाच लाखांवर एमजीबी तयार झाल्या. आमची 1967 ची. बाबांनी ती मुंबईत मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतली आणि कोल्हापुरात तुमच्या दारात आणून उभी केली. बाबा गेले, तरी तिच्या इंजिनाला आजही तुमच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही.

खंबाटकी चढताना पाण्याचा काटा एकदम वर गेला आणि मागून पांढरा धूर सुटला. फोनवर तुम्ही गाडीचं काही विचारायच्या आधी "तू कडेला नीट उभी आहेस ना?" असं विचारलंत. मग म्हणालात, "आता सेल मारू नकोस. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस. मी येतो." दीडशेच्या वर किलोमीटर अंतर, आणि तुम्ही खरोखर भाच्याचा टेम्पो घेऊन आलात. डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, ओढलीत, तर ऑइल पाणी मिसळून दुधाळ चहासारखं झालेलं. वॉटर पंपाची बेअरिंग संपून पाणी गळून गेलं होतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पॅकिंग, उडालं होतं.

पुण्यातल्या एका जाणकाराने मला सल्ला दिला होता की हे इंजिन काढून टाका, एखाद्या छोट्या गाडीचं नवं बसवा, कटकट मिटेल. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसती मान हलवलीत. हेड उतरवलंत, पुसून काढलंत, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरलीत आणि फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, पातळ पान खाली सरकवून बघायला मला जवळ बोलावलंत. मधल्या दोन सिलिंडरांपाशी पान सहज आत शिरलं, म्हणजे तिथे हेड वाकलं होतं. त्या दोघांचा जळका वायू एकाच वाटेने बाहेर पडतो, म्हणून तिथे उष्णता जास्त, हे त्या दिवशी मला कळलं. हेडला तडा नाही याची खात्री झाल्यावरच तुम्ही ते कोल्हापुरातल्याच उद्यमनगरात फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, धाडलंत.

मग सुरू झालं वाट बघणं. गॅस्केट आणि पंप इंग्लंडहून यायचे होते. या गाडीचे सुटे भाग तिकडे आजही मिळतात. अगदी आख्खी बॉडीसुद्धा 1988 पासून नव्याने तयार होते. पण पार्सल कस्टममध्ये अडकलं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, इथेच पत्रा कापून गॅस्केट करून घेऊ या का? तुम्ही म्हणालात, "करून देतो. चालेल पण. पुढच्या घाटात परत मला फोन करशील."

मामा, या सगळ्या काळात तुम्ही एकदाही "उद्या होईल" म्हणाला नाहीत. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. नाही आलं तर नाही आलं म्हणालात. कधी येईल ते माहीत नसेल तर माहीत नाही म्हणालात. गॅरेजच्या दारात खोट्या तारखा ऐकून माणूस जितका थकतो तितका कामाच्या उशिराने थकत नाही. तुमच्याकडे मला थांबावं लागलं, पण रात्री झोप लागत होती.

आणि गाडी थांबली होती तेव्हा तुमचे हात थांबले नव्हते. रबरी होज बदलले, पेट्रोल पंपाचे पॉइंट साफ केले. आता चावी फिरवली की मागून टकटक येते आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे दोन्ही कार्ब्युरेटर भरले की आपोआप बंद होते. शेवटच्या दिवशी रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी धरून तुम्ही हवेचा आवाज जुळवत होतात. भाच्याने रेडिओ लावला, तर त्याला हातानेच गप्प केलंत! दोन्हीकडचा सुस्कारा सारखा झाला तेव्हा ती नळी माझ्याही कानाला लावलीत. मग वाघबीळवरून पन्हाळ्याला चढलो. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

बिलात तुम्ही स्वतःच्या मजुरीचा आकडा इतका कमी लिहिलात की मला तो मान्य नाही. बदललेला पंप, फाटलेलं गॅस्केट, सगळं पिशवीत घालून परत दिलंत, न मागता.

पाचशे मैल झाले की हेडचे नट पुन्हा आवळायला ये, असं सांगितलं होतंत. दसऱ्याच्या आठवड्यात येते. आईला तुम्हाला भेटायचंय, तिलाही शेजारच्या सीटवर बसवून आणते. त्या वेळी मजुरीचं नीट बोलू, आणि "असू दे" चालणार नाही.

तुमची,
एमजीवाल्यांची मुलगी