धाकट्याचा हक्क गोठ्यावर, जमिनीवर नाही

महोदय,

परदेशातल्या जमीनदार घराण्यांची भाऊबंदकी आपल्याकडे चवीने वाचली जाते. किल्ला, हजारो एकर माळरान, हरणांची शिकार आणि शेवटी ‘वडिलांनी धाकट्याला बेदखल केले’ हे ठरलेले वाक्य. घराणे स्कॉटलंडचे असेल तर हे वाक्य निम्मे चूक असते, आणि बातमीत जो कायदा सांगितला जातो तो बहुतेक वेळा इंग्लंडचा असतो. १७०७ मध्ये दोन्ही देशांची संसद एक झाली, पण स्कॉटलंडचा वारसा कायदा वेगळा होता आणि आजही आहे.

तिथे मयताच्या मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन ढीग करतात. जंगमात मुलांचा हक्क मृत्यूच्या क्षणीच लागतो, मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असो. याला ‘लेजिटिम’ म्हणतात. जुन्या बोलीत ‘बेर्न्स पार्ट’, म्हणजे लेकरांचा वाटा. कर्ज फेडून उरलेल्या जंगमाचा एक तृतीयांश हयात पत्नीचा, एक तृतीयांश सर्व मुलांत समान, आणि राहिलेला तिसरा हिस्सा मयताने हवा त्याला द्यावा. पत्नी हयात नसेल तर मुलांचा वाटा वाढून जंगमाच्या निम्म्याइतका होतो. जमीन, घर आणि नदीतला सामन मासेमारीचा हक्क (तो तिथे स्वतंत्र स्थावर मिळकत मानला जातो) मात्र या हक्काच्या बाहेर. म्हणजे बापाला धाकट्याला घराबाहेर काढता येते, गोठ्याबाहेर काढता येत नाही.

आकड्यांत बघू. जमीन ६० लाख पौंडांची, निव्वळ जंगम ९ लाखांचे. मागे पत्नी आणि तीन मुलगे. मृत्युपत्राने सगळे थोरल्याला. लेकरांचा वाटा ३ लाख, म्हणून धाकट्या दोघांना प्रत्येकी १ लाख. थोरला मृत्युपत्राखाली घेतो, त्यामुळे त्याला लेजिटिम मागता येत नाही. पण त्याने सोडलेला लाख भावांच्या वाट्यातही पडत नाही. साठ लाखांच्या जमिनीतून दोघांना शून्य.

म्हणूनच खरे भांडण जुंपते ते कोणती वस्तू कोणत्या ढिगात, यावर. गाई, मेंढ्या, ट्रॅक्टर, शेअर, चांदीची भांडी जंगम. पेरलेले जव उभे असले तरी जंगम. उभे झाड स्थावर, पण तेच तोडून ओंडके रचले की जंगम. रानातले जिवंत हरीण कोणाचेच नाही, त्यामुळे ते यादीत येत नाही. खिळ्याला टांगलेले पूर्वजाचे तैलचित्र जंगम. तेच भिंतीच्या लाकडी आवरणात कायमचे बसवलेले असेल तर थोरल्याचा वकील ते घराचाच भाग आहे म्हणणार. धाकट्याला ते चित्र मागता येत नाही हेही लक्षात घ्यावे. लेजिटिम हे पैशांचे येणे आहे, मृत्यूच्या दिवशीच्या किमतीवर आणि व्याजासकट. थोरल्याकडे जमीन भरपूर आणि रोकड नाही, अशी परिस्थिती असली की जनावरे विका किंवा कर्ज काढा, एवढेच दोन मार्ग उरतात.

कर्जाचीही विभागणी होते. जमिनीवर चढवलेला बोजा जमिनीतून फिटतो, बाकीची देणी जंगमातून. कुरणाला कुंपण घालायला बँकेकडून विनातारण घेतलेली रक्कम अशा रीतीने धाकट्यांच्या ढिगातून वजा होते, कुंपण मात्र थोरल्याच्या जमिनीवर उभे राहते.

याहून मोठी गफलत भागीदारीत होते. अनेक शेतकरी-जमीनदार घराणी वडील आणि थोरला मुलगा अशी भागीदारी करून शेती चालवतात. भागीदारी पेढीच्या मालकीची जमीन असली तरी भागीदाराचा हिस्सा कायद्याने जंगम असतो. कंपनीच्या शेअरचेही तेच. वरच्या उदाहरणात ती ६० लाखांची जमीन वडिलांच्या भागीदारी हिश्शातून आली असे ठरले, तर जंगम ६९ लाख होते, लेकरांचा वाटा २३ लाख आणि प्रत्येक धाकट्याला १ लाखाऐवजी सुमारे ७ लाख ६६ हजार. आणि घोळ नेमका इथेच असतो: खरेदीखत वडिलांच्या नावावर, पण पेढीच्या ताळेबंदात जमीन पेढीची म्हणून दाखवलेली. वर्षानुवर्षे हिशेबनीस तसेच उतरवत राहतो, आणि वडील गेल्यावर तो ताळेबंदच पुरावा होतो. धाकट्याच्या वकिलाने मृत्युपत्राआधी भागीदारी करार आणि गेल्या काही वर्षांचे ताळेबंद मागवावेत ते यासाठी.

हयातीत दिलेल्या रकमाही मोजल्या जातात. लेजिटिम मागणाऱ्या मुलाला वडिलांनी पूर्वी धंद्यासाठी रोख दिली असेल तर ती आधी लेकरांच्या निधीत मिळवून मग वाटप होते. शिक्षणाचा खर्च यात धरत नाहीत, जमिनीचे बक्षीसपत्र धरत नाहीत, आणि कर्ज म्हणून दिलेली रक्कम तर येणेच असते. म्हणून देताना चार ओळींचा कागद करावा; तो नसेल तर पुढे निम्मा वाद त्या एका धनादेशाभोवतीच फिरतो.

धाकट्याने गप्प बसून हक्क लगेच जात नाही. त्याची मुदत २० वर्षे आहे. त्यामुळे मयताच्या मालमत्तेचा व्यवस्थापक (बहुधा थोरला भाऊच) भावांकडून हक्कसोडीवर सही घेतो. जंगम किती, वाटा किती हे न सांगता घेतलेली सही पुढे रद्द होऊ शकते.

मृत्युपत्रालाच आव्हान द्यायचे तर दावा एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयात, लागतो. मयताला समज नव्हती, किंवा मन दुबळे असताना कोणी कारस्थानाने सही घेतली, असे सिद्ध करावे लागते. धाकट्याचा डोळा इथे जमिनीवर असतो, कारण १० सप्टेंबर १९६४ पासून मृत्युपत्र नसेल तर पत्नीचे हक्क वजा जाता उरलेली जमीनसुद्धा मुलांत समान वाटली जाते. त्याआधी ती थोरल्या मुलाची असे. पण शेवटचे मृत्युपत्र रद्द झाले तर त्याआधीचे पुन्हा जिवंत होऊ शकते आणि त्यातही थोरलाच असू शकतो. जुन्या मृत्युपत्रांचे कपाट आधी उघडून बघावे.

जुना कायदा तर भावाभावांसाठी मुद्दाम रचल्यासारखा होता. तीन भावांतला मधला निपुत्रिक वारला तर त्याची वडिलोपार्जित जमीन त्याच्या लगतच्या धाकट्याकडे उतरे आणि स्वकष्टार्जित जमीन लगतच्या थोरल्याकडे चढे. म्हणून मधल्याने कुठला तुकडा कधी विकत घेतला यावर खटले चालत. हा भेद १८७४ मध्ये गेला. मरणशय्येवर केलेला, वारसाच्या जमिनीला धक्का लावणारा दस्तही वारस रद्द करून घेऊ शकत असे; करणारा त्यानंतर ६० दिवस जगला किंवा कुणाच्या आधाराविना चर्चला वा बाजाराला जाऊन आला तर दस्त टिके. मुदत भरेपर्यंत आजाऱ्याला बाजारात चालवत नेण्याचा मोह किती घरांत झाला असेल! हा नियम १८७१ मध्ये रद्द झाला.

किताबांना १९६४ चा कायदा लागूच नाही, म्हणून जमीन एकीकडे आणि नाव दुसरीकडे असे होते. स्काय बेटावरच्या स्लीटच्या मॅकडॉनल्ड घराण्यात तिसऱ्या लॉर्डचा थोरला मुलगा अलेक्झांडर १८०० मध्ये जन्मला आणि आईवडिलांचे लग्न इंग्लंडमध्ये १८०३ साली झाले. १८३२ मध्ये वडील वारल्यावर किताब आणि स्कायची जमीन लग्नानंतर जन्मलेल्या गॉडफ्रेला मिळाली. थोरल्याकडे यॉर्कशायरची मिळकत राहिली. पुढे १९१० मध्ये कोर्ट ऑफ सेशनने ठरवले की स्कॉटलंडच्या कायद्याने मागाहून झालेल्या लग्नानेही मूल औरस होते. त्यामुळे बॅरोनेट हा किताब थोरल्याच्या नातवाला मिळाला. लॉर्ड हा किताब आयर्लंडचा. तो आणि जमीन धाकट्याच्या शाखेकडेच राहिली.

स्थावर-जंगम हा भेदच वारसाहक्कातून काढावा, अशी शिफारस स्कॉटिश लॉ कमिशनने २००९ मध्ये केली होती. जमीनदार आणि शेतकरी संघटनांचा विरोध होता. भेद आजही कायम आहे.

ग्लासगो-एडिनबरा-अॅबर्डीनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू पडते. मयताचे कायमचे वास्तव्य स्कॉटलंडचे ठरले तर त्याच्या पुण्यातल्या फ्लॅटला भारतीय कायदा लागतो, पण मुंबईतल्या बँकेतली ठेव आणि शेअर तिथल्या जंगमाच्या ढिगात मोजले जातात, आणि मृत्युपत्रात नाव नसलेला मुलगाही त्यावर वाटा मागू शकतो. इथल्या ठेवींची आणि शेअरची यादी तिथल्या वकिलाकडे नसेल तर ती आजच पाठवावी.

– एक वाचक, पुणे