जुन्या स्पोर्ट्स कारची तपासणी विक्रेत्यांनी नाकारू नये

महोदय,

स्पोर्ट्स कार नवी घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न आता केवळ धनिकांपुरता राहिलेला नाही. काही वर्षे वापरलेली दोन आसनी गाडी नव्या मोठ्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू लागल्याने माझ्यासारखे नोकरदार हौशी लोकही त्या वाटेला जाऊ लागले आहेत.

पैशांचा हिशेब मांडला, तर पारडे वापरलेल्या गाडीकडेच झुकते. मोठ्या इंजिनाच्या नव्या गाडीच्या किमतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी धरलेला असतो. त्याशिवाय महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर २० टक्के एकरकमी वाहनकर पडतो, आणि त्याची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपयांवर गेली आहे. ८० लाखांच्या गाडीवर हा कर सुमारे १६ लाख होतो. गाडी विकताना पहिल्या मालकाला तो सहसा वसूल होत नाही. मात्र याच राज्यात गाडी घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही. विम्याच्या घसाऱ्याच्या प्रमाणानुसार तीन वर्षे ओलांडलेल्या गाडीचे मूल्य मूळ किमतीपेक्षा ४० टक्के कमी धरले जाते, ते वेगळेच. परराज्यातील नोंदणीची गाडी मात्र स्वस्त दिसली तरी तिच्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि फेरनोंदणी या सगळ्यांतून जावे लागते, आणि मूळ राज्यातील उरलेल्या कराच्या परताव्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

असाच हिशेब करून मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका विक्रेत्याकडून पाच वर्षांची गाडी घेतली. ती जेमतेम १९ हजार किलोमीटर चालली होती आणि तोच आकडा मला भुलवून गेला. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी रॅम्पवर चढवून पाहू द्यावी, ही विनंती विक्रेत्याने ‘आमची तपासणी झालेली आहे’ असे सांगून नाकारली, आणि मी ते मान्य केले. पुढे कळले की टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झाले होते. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांवरून, म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष यांवरून, ते गाडीइतकेच जुने असल्याचे उघड झाले. ब्रेकच्या चकत्या गंजलेल्या होत्या आणि आपल्या गतिरोधकांवर घासून घासून पुढच्या बंपरखालचे आवरण फाटलेले होते. अशी गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर कमी किलोमीटर हा गुण राहत नाही, हे मला खर्च करून शिकावे लागले. विमापत्रातील ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य दिसला, तर आदल्या वर्षी दावा झाला होता का, हे विचारायला हवे, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तरीही आज कोणी सल्ला विचारला, तर मी वापरलेलीच गाडी घ्यायला सांगेन. फक्त ती महाराष्ट्रातच नोंदलेली आणि सर्व्हिसच्या सलग नोंदी असलेली असावी, आणि स्वतःच्या मेकॅनिकने ती खालून पाहिल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकरणाचे अधिकारपत्र बंधनकारक आहे. माझी परिवहन विभागाला विनंती आहे की, अशा अधिकृत विक्रेत्यांची यादी प्रत्येक प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दर्शनी भागात लावावी आणि ग्राहकाने स्वखर्चाने मागितलेली त्रयस्थ तपासणी नाकारता येणार नाही, अशी अट त्या अधिकारपत्रातच घालावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे