माग मोडायच्या आधी

प्रिय सुऱ्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवरसुद्धा मी "मजेत" म्हणून लगेच ठेवतो. मागाचा विषय निघू नये म्हणून, हे तुला कळत असणारच. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. आज लिहायला बसलो, कारण ग्वातेमालात जे झालं ते शुभाला सांगून पाहिलं. तिने मन लावून ऐकलं, पण ते मागाजवळ वाढलेल्या माणसालाच कळेल.

मीराच्या सुट्टीत आम्ही तिघं जाऊन आलो. ह्यूस्टनहून विमानाने तीनएक तास, आणि इतकी वर्षं इथे राहून कधी सुचलं नव्हतं! तिकाल म्हणजे तिथल्या माया लोकांचं जुनं शहर, त्याच्या जंगलात पहाटे शिरलो तर अंधारातून डरकाळ्या. शुभाने माझा दंड घट्ट धरला, नंतर कळलं की ती माकडं! चौथं मंदिर आठव्या शतकातलं, सुमारे ६५ मीटर उंच. लाकडी जिन्याने वर गेलो. खाली नुसतं धुकं आणि त्यातून बाकीच्या देवळांचे माथे तेवढे वर आलेले. मायांचा पवित्र वृक्ष सेइबा, तो म्हणजे आपली पांढरी सावर रे! जिच्या कापसाच्या उशीने काकू तुला बडवायच्या, तीच. आणि १ नोव्हेंबरला सुम्पांगो गावात दिवंगतांसाठी घराएवढे पतंग उभारतात म्हणे. मला आपली संक्रांत आठवली. अण्णांचं रेशीम चोरून आसारीला गुंडाळणारा तू, मार खाणारा मी.

पण सांगायचंय ते आतितलानचं. ज्वालामुखी खचून झालेल्या खळग्यात साचलेलं तळं, तीनशे मीटरहून खोल, काठावर तीन ज्वालामुखी. सकाळी पाण्यावर सुरकुती नसते. दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटला की लाँच आपटायला लागते. तशातच आम्ही सान हुआन ला लागुनाला उतरलो. एका अंगणात आईच्या वयाची बाई गुडघ्यांवर बसून विणत होती. माग म्हणजे आठ-दहा काठ्या. ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं तिच्या कमरेमागच्या पट्ट्याला. आपल्या मागासारखा पाय सोडायला खड्डा नाही, चौकट नाही. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. आणि सुऱ्या, ती ओठांतल्या ओठांत धागे मोजत होती. तिच्या त्सुतुहिल भाषेत. या देशात मायांच्या २२ भाषा आहेत, मला एकही येत नाही, पण ते मोजणं मला कळलं. मीरा काही बोलायला गेली तर मी तिला दटावलं. अण्णा मोराचे धागे मोजायला लागले की घरात तांब्याचासुद्धा आवाज करायची सोय नव्हती. शुभाला वाटलं, मला चक्कर येतेय.

मोजणं संपल्यावर मीरा तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलली. त्यांच्या पोलक्याला विपील म्हणतात. गावागावाची नक्षी वेगळी, अंगावरच्या कपड्यावरून गाव ओळखू येतं. १९६० ते १९९६ यादवी चालली, दोन लाख माणसं मेली नाहीतर बेपत्ता झाली, बहुतेक मायाच. त्या काळात ओळख पटू नये म्हणून कित्येक बायकांनी विपील घालणं सोडलं.

मग बाईंनी तो पट्टा मीराच्या कमरेला बांधला. पोरगी ताठ बसली तर सगळा ताणा लोंबला. बाईंनी तिच्या खांद्याला धरून मागे रेलवलं आणि धागे सरळ झाले. "आजोबा असंच करायचे?" तिने विचारलं. तिने आपला माग पाहिलेलाच नाही. निघताना बाईंनी सगळं गुंडाळलं, वीतभर जाडीची वळकटी झाली, ती आढ्याला टांगली. माणूस उठलं आणि माग संपला.

दादाचा निरोप तुझ्यापर्यंत आला असेल. दिवाळीनंतर घर पाडायचंय, माग सुटा करायचा म्हणतो. मी तो इथे आणून हॉलमध्ये मांडणार होतो. त्यावरून अण्णांच्या तेराव्याला तू ओटीवर ओरडलास, "माग म्हणजे काय शोकेस आहे?" आणि मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. तुझं बरोबर होतं. पण मी मागावरून पळालो असंही म्हणालास, ते अजून लागतं. बारावीच्या निकालादिवशी अण्णांनीच माझ्या हातून धोटा काढून घेतला आणि "ऊठ" म्हणाले. हे तुला कधी सांगितलंच नाही.

तुझ्या पडवीत जागा होईल का? शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी बसेल का त्यावर? होत नसेल तर सरळ सांग. रात्री झोप लागत नाही. माग हलवता येईल, पण खड्डा? त्याची कड अण्णांच्या टाचांनी घासून गुळगुळीत झालीय. ती बुजवतील.

तुझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? चिनूने शेवटी कुठे प्रवेश घेतला? वहिनींना नमस्कार, काकूंना मीराचा फोटो दाखव.

दादाशी मी बोलतो, पण त्याआधी तू घरी जा. फणीत अण्णांच्या शेवटच्या पैठणीच्या ताण्याची टोकं अजून ओवलेली आहेत. ती कुणाला कापू देऊ नकोस. नवा ताणा त्यांनाच सांधता येईल.

तुझा,
बाळ्या