खुबा कुठल्या मेकचा?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी इचलकरंजीत तीसेक वर्षं लेथ चालवली. यंत्रमागाचे गिअर, शाफ्ट, आणि शाफ्ट ज्या कड्यात फिरतो तो बुश. बुश घासला की शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा येतो, प्ले आला की माग खडखडतो, आणि माग खडखडला की कारखानदार माझ्या दारात. त्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : माग कुठल्या मेकचा? ते कळल्याशिवाय मी लेथला हात लावत नसे.

गेल्या महिन्यात हाड-डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला. "काका, हा खुबा कुठल्या मेकचा?" मला सांगता आलं नाही.

माझा उजवा खुबा २००९ साली बदलला. रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा बसला होता, वय बेचाळीस. पंधरा वर्षं छान गेली, आता जांघेत दुखतं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं. धातूची वाटी हाडात घट्ट आहे. तिच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर एक्स-रेत दिसत नाही, पण बॉल वाटीच्या मधोमध असायला हवा, तो वर सरकलाय. म्हणजे अस्तर एका बाजूनं झिजलं. मला समजवायची गरजच नव्हती. असे अंडाकृती झालेले बुश मी पोत्यानं बघितलेत.

फरक एवढाच की बुशाचा कीस जमिनीवर पडतो, झाडून टाकता येतो. खुब्यातला कीस आतच राहतो. शरीरातल्या पेशी तो गिळायला धावतात, प्लास्टिक पचत नाही, आणि त्या झटापटीत आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं. म्हणून घाई. वाटी चांगली आहे तोवर नुसतं अस्तर आणि बॉल बदलून भागेल. पण अस्तर वाटीत अडकायची खाच प्रत्येक कंपनीची वेगळी. मेक आणि माप कळलं नाही, तर घट्ट बसलेली वाटीसुद्धा उपटावी लागू शकते, आणि ती येताना हाड घेऊन येते.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय : उजवा टोटल हिप, सिमेंटविना. बस्स. सांध्याच्या खोक्यात कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर येतात, ते ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवतात, असं डॉक्टर म्हणाले. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं गेलो. काउंटरवरच्या मुलीनं अदबीनं सांगितलं, इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. भांडायला गेलो असतो तर मीच तोंडावर पडलो असतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायला सांगितलंय. तीन वर्षं! २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. माझी मुलगी मोबाइलवर ते वाचून दाखवत होती, तेव्हा मी विचारलं, हे मोजलं कसं? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवरून. तिथं कुठला सांधा कधी बसवला आणि कधी काढला, हे लिहून ठेवतात. स्वीडननं तर खुब्यांची नोंदवही १९७९ लाच सुरू केली.

थोडं विषयांतर करतो, मागवाल्याला राहवत नाही. हे प्लास्टिक खुब्यात आलं ते मागाच्या गिअरवरून. इंग्लंडातल्या जॉन चार्नली या सर्जननं आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या. दोन-तीन वर्षांत त्या झिजून गेल्या. मग कापड गिरणीच्या मागांसाठी पॉलिएथिलीनचे गिअर विकणारा एक माणूस त्याच्या प्रयोगशाळेत नमुना ठेवून गेला. तो घासून बघितला तर झीज नगण्य, आणि १९६२ पासून त्याच्या वाट्या सुरू झाल्या. या चार्नलीनं दोन्ही प्लास्टिकची भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन अंग काय करतं ते पाहिलं होतं. आता किरणांचा मारा करून ते प्लास्टिक आणखी चिवट करतात, सिरॅमिकचे बॉलही आले. वस्तू सुधारत गेली, कारण आधीची कशी झिजली हे कुणीतरी लिहून ठेवलं.

आणि लिहून ठेवलं नाही की काय होतं, ते आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर खुबा : बॉलही धातूचा, वाटीही धातूची. घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं, सांध्याभोवतीचं मांस सडायचं. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हे खुबे लवकर काढावे लागताहेत असं दिसत गेलं, आणि २००९ च्या अखेरीस तो तिथल्या बाजारातून गेला. जगभरातून परत बोलावला ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात तोवर सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. केंद्राच्या समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. त्याच वर्षी केंद्रानं ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. पैसे ठरले, घेणारे सापडेनात. त्यातले कितीजण आजही जांघ चोळत "वयानं दुखतंय" म्हणत असतील, कोण जाणे.

हे सगळं दिल्लीचं काम आहे, असं उत्तर मला नको. उपकरणांना परवाना देणं केंद्राचं, मान्य. पण खासगी दवाखान्यांची नोंदणी राज्याच्या कायद्यानं होते. २०२१ मध्ये आपल्याच खात्यानं त्या नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला लावली. त्याच नियमांत आणखी एक कलम घाला : शरीरात कायमचं काही बसवलं, तर स्टिकरची एक प्रत रुग्णाच्या हातात, मराठीत लिहिलेल्या कार्डावर, एक दवाखान्यात, रुग्ण हयात असेपर्यंत, आणि एक राज्याच्या नोंदवहीत. सर्जन मंडळींच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक, म्हणजे ज्याला लाज वाटते तो भरत नाही. सक्ती सरकारच करू शकतं. सुरुवात आयुष्मान भारतच्या पॅकेजमधल्या खुब्यांपासून करा. नंबर नाही तर बिल नाही, एवढं म्हटलं की पुरे.

पंधरा हजारांच्या जुन्या लुनाचाही इंजिन नंबर आरटीओत सापडतो हो.

माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी एक्स-रेवरून अंदाज बांधून तीन कंपन्यांचे ट्रे, म्हणजे अस्तरं आणि बॉलचे संच, सांगून ठेवलेत. वाटी उघडल्यावर ज्याचं अस्तर बसेल, ते बसवतील. त्याचं स्टिकर मात्र मी आधीच मागून ठेवलंय. आमच्या हिनं त्यासाठी रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत जागा केली आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर, इचलकरंजी