माघात पिकलेल्या हिरड्यासाठी, आजींना

आजी,

तुम्हाला वाचता येत नाही असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून नातीला हे पत्र मोठ्याने वाचायला सांगा. शेजारच्यांनाही ऐकू जाऊ दे.

तुमची पहिली भेट झाली ती चैत्रात. जुन्नरच्या या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, झोडायची घाई चालू होती. आमची टेकडी वणव्याने उघडी पडलेली, आणि मी हिरड्याचं बी शोधत दारोदार फिरत होतो. त्याआधी दोन वर्षं आम्ही फसलो होतो. एका रोपवाटिकेने ‘देशी झाडं’ म्हणून गाडीभर रोपं उतरवली; निघाली उंदीरमारी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ, दोन्ही परदेशी. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, हिरडा कशाला, तो वाढेपर्यंत तुम्ही म्हातारे व्हाल. लावणीच्या दिवशी फोटोला मात्र सगळे होते. उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही हातातलं कोवळं फळ दाखवून म्हणालात, “हे विकायचं, पेरायचं न्हाई. पिकलेलं पायजे तर माघात ये.”

मी माघात आलो, पण आशा नव्हती. बाळहिरडा कोवळाच विकला जातो, मग झाडावर पिकायला उरणार काय? तुमच्या बांधावर पोचलो आणि बघतो तर झाडाची उगवतीकडची अख्खी फांदी तुम्ही झोडलीच नव्हती. खाली पडलेली पिवळी फळं रोज वेचून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवली होतीत. 2020 च्या निसर्ग वादळात तुमची दोन झाडं मोडली, हे मला नंतर कळलं. उरलेल्या एकाच झाडावर तुमचं मीठ-मिरची चालते, आणि त्यातली एक फांदी तुम्ही एका अनोळखी माणसासाठी राखली. मी पैसे पुढे केले तर तुम्ही रागावलात. “झाडाचं पोरगं झाडाला ठेवाया नगं का?” एवढंच म्हणालात आणि चहा ठेवायला उठलात.

ती फांदी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दिलेला शब्द दहा महिने लक्षात ठेवायचा, तोही ज्याचं नावसुद्धा विचारलं नाही अशा माणसाला दिलेला, हे मी शिकलेल्या लोकांत फार कमी पाहिलं आहे. डोंगरात अशी माणसं अजून आहेत म्हणून देवराया उभ्या आहेत, असं मला मनापासून वाटतं.

बी शेणकाल्यात भिजवून पेरलं. हिरड्याचं कवच दगडासारखं, महिनाभर पिशव्यांत काहीच दिसेना. आमच्या पोरांनी आशा सोडली होती. मग मृगाच्या सरींनंतर एका सकाळी माती फुटली. आज 61 रोपं वीतभर उंच आहेत. पहिला कोंब दिसला तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडलो, आजी. हे तुम्हाला कळायलाच हवं.

पन्नास रोपं टेकडीवर जातील. अकरा तुमची, मोडलेल्या दोन झाडांच्या जागेपासून सुरुवात करू. आषाढात घेऊन येतो. खड्डे मी आणि पोरं खणू, तुम्ही फक्त जागा दाखवायची. आणि चहा गुळाचाच करा, मागच्यासारखा.

तुमचा,
माघात आलेला पोरगा