असाकुसातला मुळ्याचा गणपती

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे देवाला जातेस की नाही?" तेव्हा ऑफिसात होते, नीट सांगता आलं नाही. जाते, बाबा. आणि गणपतीलाच जाते.

तोक्योत असाकुसा नावाची जुनी वस्ती आहे. तिथलं सेन्सोजी देऊळ सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिथली देवता कान्नोन, म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तोच अवलोकितेश्वर. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं मुख्य देऊळ लोकांनी १९५८ साली पुन्हा उभं केलं. पण गर्दी फार. माझं मन रमतं ते तिथून दहा मिनिटांवर, सुमिदा नदीजवळच्या टेकाडावर. मात्सुचियामा शोदेन, हेच ते गणपतीचं देऊळ.

आपला विनायक तांत्रिक बौद्ध पंथाबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचला. इथे त्याला कांगितेन म्हणतात. एकमेकांना मिठी मारलेली हत्तीच्या तोंडाची जोडी असं त्याचं रूप. पण मूर्ती कायम झाकलेली, दर्शन कुणालाच नाही. आई, तुला हे पटणार नाही, मलाही आधी चुटपुट लागली होती. आता हात जोडले की आपल्या देव्हाऱ्यातलाच डोळ्यांपुढे येतो.

दुर्वा नाहीत, जास्वंद नाही. इथे वाहतात मुळा! मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र, हिरव्या देठासकट. देवळातच विकत मिळतो. मुळा म्हणजे माणसाच्या मनातला राग. तो देवाला द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असा भाव. मला हे फार आवडलं. पायऱ्यांवर, भिंतींवर जोडमुळ्यांचं चिन्ह कोरलंय, ते नवरा-बायकोच्या सलोख्याचं. वाहिलेले मुळे नंतर भक्तांना प्रसाद म्हणून देतात. मी एक आणला, किसून दही घातलं, वरून हिंग-मोहरीची फोडणी. आई, अगदी तुझ्या कोशिंबिरीसारखी झाली.

आता मुद्द्याचं. ७ जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव असतो, शिजवलेला गरम मुळा प्रसादाला देतात. थंडी सोसणार नसेल तर एप्रिलच्या सुरुवातीला या, तेव्हा शेजारच्या सुमिदा बागेत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुललेला असतो. आणि बाबा, गुडघ्यांचं कारण सांगू नका. टेकाड लहानच आहे, शिवाय वर जायला रुळांवरची छोटी गाडी आहे, तीही फुकट.

दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

तुमची,
मनू